बॅगपाइपच्या बोलीची तोंडओळख : नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

बॅगपाइप शिकायला बसलेल्या माणसाला पहिले काही आठवडे वाद्यापेक्षा शब्दच जास्त दमवतात. "तुमची बर्ल ढिली आहे, ग्रिप नीट बंद होत नाही, बास ड्रोनचा लगाम थोडा सरकवा आणि पुढच्या खेपेला गूज घेऊन या," असे शिक्षक अगदी गंभीर चेहऱ्याने सांगतात आणि ते वहीत उतरवून घेणारा नवखा हसावे की घाबरावे या पेचात पडतो. हा लेख त्याच्यासाठी आहे. स्कॉटलंडच्या ग्रेट हायलँड बॅगपाइपभोवती तयार झालेली ही बोली ऐकायला विनोदी असली, तरी तिच्यातला प्रत्येक शब्द बोटांशी, श्वासाशी किंवा वाद्याच्या एखाद्या खोडीशी बांधलेला आहे. त्यामुळे शब्दांची यादी आधी पाठ करण्यात अर्थ नाही. ज्या क्रमाने ते हाताला लागतात त्याच क्रमाने शिकावेत. एक इशारा मात्र सुरुवातीलाच द्यायला हवा. या बोलीत शब्द जितका साधा, तितके त्यामागचे काम अवघड, असा प्रत्यय जवळजवळ प्रत्येक पायरीवर येतो.

पहिली पायरी : पिशवी नसलेला बॅगपाइप

पहिली गंमत अशी की बॅगपाइपच्या विद्यार्थ्याला सुरुवातीला बॅग मिळतच नाही. त्याच्या हाती येतो तो प्रॅक्टिस चँटर, म्हणजे दोन तुकड्यांची एक साधी नळी, जिच्या वरच्या टोपणाखाली थरथरून आवाज काढणारे, पात्यांचे रीड दडलेले असते, त्यामुळे ओठ रीडला लागत नाहीत. सहा महिने ते वर्षभर याच नळीवर काम चालते, आणि घरी आलेले पाहुणे "बॅगपाइप कुठे आहे?" असे विचारत राहतात. प्लॅस्टिकचा चँटर नवशिक्याला पुरेसा असतो. शिसवी रंगाचा, नक्षीदार आणि संशयास्पद स्वस्त चँटर मात्र टाळावा. पाकिस्तानातील सियालकोट येथे बॅगपाइप फार मोठ्या संख्येने बनतात आणि जगभर विकले जातात, पण त्यांतले सर्वात स्वस्त नग पुष्कळदा सुरात नसतात; म्हणून विकत घेण्याआधी शिक्षकांना दाखवणे हाच शहाणपणा आहे.

चँटरला गळा असतो आणि तळवाही असतो. जिथे रीड बसते तो गळा आणि खालच्या टोकाची कडी म्हणजे सोल, अर्थात पायाचा तळवा. मधल्या भागात नऊ स्वर मावतात : लो जी, लो ए, बी, सी, डी, ई, एफ, हाय जी आणि हाय ए. इथे हार्मोनियम येणाऱ्या मराठी माणसाची पहिली फसगत होते. मोठ्या पाइपवर ज्याला ए म्हणतात तो स्वर आज साधारण ४८० हर्ट्झच्या आसपास लावला जातो, म्हणजे तो ए नव्हेच; तो काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध कुठेतरी लटकलेला असतो. सी आणि एफ हे दोन्ही स्वर प्रत्यक्षात तीव्र असतात, पण तसे लिहिण्याची किंवा म्हणण्याची तसदी कोणी घेत नाही. किबोर्ड वाजवणाऱ्या मित्राला "ए दे" असे सांगून त्याच्या सुरात सूर मिळवू पाहू नये. मैत्री आणि सूर दोन्ही बिघडतात. लो ए हा षड्ज मानला तर ही स्वरपंक्ती आपल्या खमाज थाटाशी जुळते, कोमल निषादासकट, हे ध्यानात ठेवले की गाणे शिकलेल्या माणसाला अर्धे काम सोपे होते.

बोटे ठेवण्याची रीत आधीच नीट बसवून घ्यावी. डावा हात वर आणि उजवा खाली असतो. खालच्या हाताची पहिली तीन बोटे टोकांनी नव्हे, तर मधल्या पेरांच्या मांसल भागाने भोके झाकतात, म्हणजे बोटे सरळ आणि आडवी राहतात. फक्त करंगळी टोकाने काम करते. बासरी वाजवणाऱ्यांच्या हातांना हे सवयीचे व्हायला वेळ लागत नाही. बोटे वाकवून धरणाऱ्याचे मात्र पुढच्या पायरीवर हाल होतात.

दुसरी पायरी : ग्रेसनोट, डबलिंग आणि करंगळीचे नृत्य

बॅगपाइपची मूळ अडचण अशी की वारा थांबत नाही. जिभेने सूर तोडता येत नाही, आवाज लहानमोठा करता येत नाही, विसावा घेता येत नाही. मग एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवायचा कसा? त्याच्या मध्ये दुसरा एखादा स्वर निमिषमात्र टिचकी मारल्यासारखा घालायचा, हे त्याचे उत्तर. या टिचकीला ग्रेसनोट म्हणतात. आणि या टिचक्यांचे जे गुच्छ पिढ्यान्पिढ्या ठरत गेले, त्यांना पाइपरांनी जी नावे ठेवली आहेत ती वाचून कोणालाही हे कुस्तीचे डाव वाटतील : थ्रो, ग्रिप, स्ट्राइक, शेक.

थ्रो ऑन डी म्हणजे डी या स्वरावर येण्यापूर्वी खालून घेतलेली उडी. तिचे हलके आणि जड असे दोन प्रकार आहेत, आणि त्यांतला कोणता खरा यावर दोन चांगले पाइपर चहा थंड होईपर्यंत वाद घालू शकतात. नवशिक्याने शिक्षक शिकवतील तो प्रकार निमूटपणे घ्यावा. ग्रिपमध्ये सगळी भोके बंद करून लो जी वाजतो, मध्ये डीची टिचकी बसते आणि हात पुन्हा बंद होतो. नाव अगदी चपखल आहे, कारण हात खरोखरच चँटरला पकडतो. डबलिंगमध्ये स्वर दोन टिचक्यांनी उठवला जातो. त्यातली पहिली टिचकी गाळली की हाफ डबलिंग होते. अंकगणिताप्रमाणे दुपटीचे निम्मे म्हणजे मूळचे एकच, पण पाइपवर तसे नसते, आणि शिक्षकांना हा हिशेब सांगण्याचा मोह आवरावा.

सर्वांत फसवा शब्द म्हणजे बर्ल. स्कॉट बोलीत याचा अर्थ गिरकी. लो ए वाजत असताना करंगळीने इतक्या झपाट्याने दोनदा लो जी स्पर्शायचा की ऐकणाऱ्याला एकच झणत्कार ऐकू यावा. काही पाइपर एकदा टकटक करून दुसऱ्यांदा करंगळी भोकावरून ओढतात, तर काही इंग्रजी अंकातला सात काढावा तशी करंगळी आत नेऊन खाली खेचतात. मराठी ७ काढायला गेलात तर बोट भलत्याच दिशेला वळते, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो. पहिले कित्येक आठवडे करंगळी ऐकतच नाही. ती लाकडासारखी ताठ राहते, अनामिकेला बरोबर ओढते, आणि निघतो तो आवाज गिरकीचा नव्हे तर अडखळण्याचा असतो. उपाय एकच आहे : संथ लयीत, दोन्ही जी मोजता येतील इतक्या सावकाश वाजवणे, आणि मनगट हलवून वेग आणण्याचा प्रयत्न न करणे. टॅकम नावाचा आणखी एक अलंकार आहे. त्याचे नाव त्याच्याच लयीवरून पडले आहे, ते नुसते मोठ्याने म्हटले तरी निम्मा वाजतो.

या पायरीवर दोषांची नावेही शिकावी लागतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना बोटे एकाच क्षणी हलली नाहीत, तर मध्ये तिसराच स्वर क्षणभर डोकावतो; याला क्रॉसिंग नॉइज म्हणतात. नाव रेल्वे फाटकाचे वाटते, आणि वाजवणाऱ्याखेरीज सगळ्यांना ते ऐकू येते. म्हणून आठवड्यातून एकदा स्वतःचे वाजवणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकावे. ते ऐकणे सुखाचे नसते, पण क्रॉसिंग नॉइज पकडण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

तिसरी पायरी : गूज

चँटर जमू लागला की काही शिक्षक थेट मोठा पाइप न देता मधली एक पायरी घेतात. पिशवी, फुंकनळी आणि चँटर एवढेच असलेले, ड्रोन म्हणजे एकच सूर अखंड धरणाऱ्या नळ्या नसलेले हे सरावाचे वाद्य. त्याचे नाव गूज, म्हणजे इंग्रजीतला हंसाच्या जातीचा तो पक्षी, आणि ते पाहिल्यावर नाव का पडले हे वेगळे सांगावे लागत नाही : फुगीर अंग, पुढे काढलेली मान आणि कर्कश आवाज. मराठी कानाला गूज म्हणजे मनातली हळवी गोष्ट. हे गूज मात्र शेजाऱ्यांच्या चारही घरांत ऐकू जाते.

गूजवर शिकायची गोष्ट एकच, ती म्हणजे दाब स्थिर ठेवणे. श्वास घेताना काखेतल्या पिशवीवर हाताचा दाब वाढवायचा, फुंकताना तो कमी करायचा आणि या अदलाबदलीत स्वर जरासुद्धा डगमगू द्यायचा नाही. पाइपर याला नुसते "ब्लोइंग" म्हणतात. एखाद्या कसलेल्या वादकाबद्दल "त्याचे ब्लोइंग चांगले आहे" एवढेच कोणी म्हटले, तर ती या वर्तुळातली मोठी शाबासकी समजावी.

चौथी पायरी : पाच स्टॉक, तीन ड्रोन आणि थोडे हेम्प

पूर्ण पाइप हाती आला की शब्दांचा खरा पाऊस सुरू होतो. पिशवीत घट्ट बांधलेल्या पाच लाकडी खोबणींना स्टॉक म्हणतात. एक चँटरची, एक फुंकनळीची आणि तीन ड्रोनच्या. "माझा एक स्टॉक सैल झालाय" हे वाक्य दलाल स्ट्रीटवर आणि पाइपरांच्या बैठकीत सारख्याच काळजीने बोलले जाते. फुंकनळीच्या तळाशी एक झडप असते, जी हवा परत तोंडात येऊ देत नाही. ती बिघडली की गाल फुगतात आणि कारण समजत नाही, म्हणून काही चुकतेय असे वाटले की आधी ती तपासावी.

तीन ड्रोनपैकी दोन टेनर आणि एक बास. टेनर लो एच्या एक सप्तक खाली, बास दोन सप्तके खाली अखंड षड्ज धरतात. सनईच्या जोडीला बसलेला सूर धरणारा जे काम करतो, तेच हे काम, फक्त इथे तो खांद्यावर बसलेला असतो. पण आज ड्रोन म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे उडणारे यंत्र येते. भारताने फेब्रुवारी २०२२ मध्ये, काही अपवाद वगळता, परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. त्यामुळे परदेशातून पाइप आणणाऱ्याने विमानतळावर सामानाचे वर्णन करताना "पेटीत तीन ड्रोन आहेत" असे प्रामाणिकपणे सांगण्याऐवजी "हे फुंकून वाजवायचे वाद्य आहे" असे सांगावे. दोन्ही विधाने खरी आहेत, पण दुसऱ्या विधानाने घरी लवकर पोहोचता येते.

ड्रोनचे सांधे हवाबंद आणि तरीही सरकते राहावेत म्हणून त्यांच्यावर मेण लावलेला दोरा गुंडाळतात. त्याला हेम्प म्हणतात, म्हणजे भांगेच्या झाडाच्या तंतूंचा दोरा. "हेम्प संपलेय, कोणाकडे आहे का?" असा निरोप वर्गाच्या गटावर टाकताना कुटुंबीयांनाही त्यात सामील केले नसल्याची खात्री करावी. दोरा पातळ थरांत आणि एकसारखा गुंडाळावा. ड्रोन दोन बोटांनी फिरवता यावा पण स्वतःच्या वजनाने घसरू नये, एवढा घट्टपणा पुरे.

आता रीडकडे येऊ, कारण सगळी गंमत आणि सगळा त्रास तिथेच आहे. चँटरचे रीड दोन पात्यांचे असते. ते हातात घेऊन ओठांत धरून फुंकले की जो खरखरीत आवाज निघतो त्याला क्रो म्हणतात, आणि अनुभवी माणूस त्या एका आवाजावरून रीड चालेल की नाही ते सांगतो. ड्रोनच्या रीडला एकच पाते असते. ते जीभ, आणि तिच्या मुळाशी बांधलेला दोरा किंवा रबरी कडी म्हणजे ब्रायडल, अर्थात लगाम. हा लगाम जिभेच्या मोकळ्या टोकाकडे केसभर सरकवला की थरथरणारा भाग आखूड होतो, हवा कमी लागते आणि सूर चढतो. उलट सरकवला की ड्रोन गुरगुरतो आणि पिशवीतली हवा अधाशासारखी पितो. इथे केसभर हा शब्द शब्दशः घ्यावा. नवखे लोक नखाने लगाम ढकलतात, तो एकदम दोन मिलिमीटर जातो आणि ड्रोन मुका होतो. रीड दोन बोटांत हलके धरून, लगाम थोडा गोल फिरवत पुढे न्यावा, दर वेळी रीड फुंकून पाहावे, आणि चांगला आवाज देणारी जागा सापडली की पेन्सिलने बारीक खूण करून ठेवावी.

चामड्याच्या पिशवीला अधूनमधून सीझनिंग द्यावे लागते. हे मसाल्याचे पाकीट नव्हे. शिवणीतून हवा जाऊ नये आणि चामडे मऊ राहावे म्हणून आत एक चिकट मिश्रण ओतून पिशवी चोळतात. पूर्वी पाइपर मध किंवा काकवीसारख्या गोड पाकापासून ते घरीच करत आणि प्रत्येकाची कृती गुप्त असे. आता कृत्रिम कापडाच्या, चेन असलेल्या पिशव्या मिळतात, त्यामुळे नवशिक्याला हा स्वयंपाक टळतो. तो टळलेलाच बरा.

पाचवी पायरी : स्ट्राइक इन

वाद्य सुरू करण्याला स्ट्राइक इन म्हणतात, आणि यात खरोखरच मारावे लागते. पिशवी पाऊण भरेपर्यंत फुंकायची, डावा हात चँटरवर ई स्वराच्या स्थितीत ठेवायचा, उजव्या तळव्याने पिशवीला एक ठाम थाप द्यायची. ड्रोन एकदम बोलले पाहिजेत. मग लगेच काखेतला दाब वाढवायचा, उजवा हात चँटरवर आणायचा आणि चँटर ई वर उघडायचा. थाप कमी पडली तर ड्रोन कण्हत उठतात, आणि जास्त पडली तर चँटर वेळेआधी ओरडतो. या दुसऱ्या अपघाताचे नाव अर्ली ई. घरात ती किरकोळ बाब असते. स्पर्धेत, सगळे शांत असताना, एकाच पाइपमधून निघालेली ई मैदानाच्या पलीकडच्या टोकालाही ऐकू जाते, आणि कोणाची होती हे त्या पथकात वर्षभर कोणी विसरत नाही.

हाय ए वाजवताना दाब घसरला की चँटर मध्येच गप्प होतो, त्याला चोक होणे म्हणतात. लो ए वर घुंगरासारखी खुळखुळ आली तर तो गर्गल. शेवट करताना सगळे एका क्षणी थांबले पाहिजे, तो कट-ऑफ. ज्याचा ड्रोन नंतरही कण्हत राहतो त्याच्याकडे सगळे मान न वळवता पाहतात. सुरुवातीला दोन ड्रोनना बूच लावून एकाच ड्रोनवर सराव करावा. त्यात लाज नाही, जवळजवळ सगळेच तसे करतात. चँटरचा एखादा स्वर चढा लागत असेल तर भोकाच्या वरच्या कडेवर साधी काळी इलेक्ट्रिकल टेप थोडी लावून तो उतरवतात. शतकांची परंपरा असलेल्या वाद्यावर वायरमनची टेप पाहून पाहुणे दचकतात, पण नामांकित पाइपरांच्या चँटरवरही ती असते.

सहावी पायरी : थोरले संगीत

यथावकाश तुमच्या कानी गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतले शब्द पडू लागतील आणि त्यांचे स्पेलिंग पाहून तुम्ही हताश व्हाल, कारण त्यातली निम्मी अक्षरे उच्चारातच येत नाहीत. मार्च, रील, जिग असल्या नाचत्या चालींना क्योल बेक, म्हणजे धाकटे संगीत म्हणतात, आणि दहा-पंधरा मिनिटे चालणाऱ्या गंभीर रचनांना क्योल मोर, म्हणजे थोरले संगीत. इथल्या मोराचा पिसाऱ्याशी संबंध नाही. या रचनेला पीब्रॉख असेही म्हणतात, आणि या परंपरेत स्काय बेटावरच्या बोरेरेगच्या मॅक्रिमन घराण्याचे नाव आदराने घेतले जाते. हे घराणे मॅक्लाउड सरदारांचे वंशपरंपरागत पाइपर होते. रचनेची सुरुवात ऊरलरने, म्हणजे जमिनीने होते, आणि त्यावर एकेक मजला चढत जातो : तोरलुअ, मग क्रूनलुअ. क्रूनलुअचा एक प्रकार ब्रेबख, अर्थात लाथ मारणारा. गंभीर संगीतात लाथ कशी आली असे विचारू नये. चाल ऐकली की ती जाणवते.

याच परंपरेत काउंतेरख नावाची पद्धत आहे, ज्यात स्वर आणि अलंकार अक्षरांनी गाऊन शिकवले जातात : हिहारिन, चेरेडे, एड्रे. परक्या माणसाला हा विनोद वाटतो, पण ज्याने तबल्याचे "धा तिरकिट" किंवा पखवाजाचे बोल ऐकले आहेत त्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. १७९७ मध्ये कॉलिन कॅम्बेल याने संपूर्ण रचना अशा अक्षरांत लिहून ठेवल्या, आणि तो मजकूर प्रथम पाहणाऱ्याला ती एखाद्या अनोळखी भाषेतली गोष्टच वाटावी. मराठी विद्यार्थ्याने ही पद्धत टाळू नये. बोल तोंडात बसले की बोटे मागोमाग येतात, हे आपल्याकडे तालवाद्य शिकणाऱ्या कोणालाही माहीत असते.

सातवी पायरी : पथकात

पाइप बँडमधल्या मुख्य वादकाला पाइप मेजर म्हणतात आणि लिहिताना त्याचे पी.एम. होते. "पी.एम. आज रागावलेत, उशीर करू नका" हा निरोप वाचून घरचे चकित झाले तर समजावून सांगावे. ढोलवादकांच्या मधल्या फळीला मिड-सेक्शन म्हणतात. त्यातले टेनर ड्रमवाले काठ्या हवेत फिरवतात, त्याला फ्लरिश म्हणतात. वादन सुरू करण्याला अटॅक म्हणतात, आणि रिट्रीट हा चालींचा एक प्रकार आहे, ज्याचा पळ काढण्याशी संबंध नाही. सैन्याच्या छावणीत संध्याकाळी काम थांबवण्याच्या रिवाजावरून ते नाव आले. दिल्लीच्या विजय चौकात दर २९ जानेवारीला होणारा बीटिंग रिट्रीट सोहळा हा त्याच रिवाजाचा वारस असून तिथे भारतीय सैन्याची पाइप पथके ऐकायला मिळतात. उत्तराखंडात लग्नाच्या वरातींत वाजणारे मशकबीनही याच वाद्याच्या कुळातले. हिंदीत मशक म्हणजे पाण्याची कातडी पिशवी आणि मराठीत मशक म्हणजे डास, त्यामुळे हे नाव पहिल्यांदा ऐकणारा मराठी माणूस भलतेच काही समजण्याची शक्यता आहे.

ग्लासगो ग्रीनवर ऑगस्टमध्ये होणाऱ्या जागतिक पाइप बँड स्पर्धेत पथके वर्तुळ करून आत तोंड करून वाजवतात, म्हणजे प्रेक्षकांना दिसतात त्या पाठी. श्रेणींची उतरंडही लक्षात ठेवावी : पहिली सर्वांत वरची, आणि प्रौढ नवशिक्यांची पथके बहुधा चार-ब मध्ये असतात. पथकाच्या सरावाला पहिल्यांदा जाताना मोठा पाइप नेण्याची घाई करू नका. सराव बहुतेक वेळ टेबलाभोवती बसून, नुसत्या प्रॅक्टिस चँटरवर, पायाने ठेका धरून होतो. म्हणून चँटर, स्वरलिपीचे कागद आणि पेन्सिल न्यावी, आणि पी.एम. ज्या डबलिंगवर थांबतील तिथे कागदावर गोल काढून ठेवावा.